ॲक्टिव्हाचा हुंदका आणि कार्बोरेटर

समर्थ मंदिराच्या चौकात थांबून परत निघताना रेस दिली की माझी गाडी आधी एक हुंदका द्यायची. म्हणजे अर्धा-पाऊण सेकंद काहीच नाही, आवाज खाली बसायचा, आणि मग एकदम झटका मारून पळायची. मागून येणाऱ्याला वाटतं हिने ब्रेक मारला, तो हॉर्न वाजवतो, आणि आपण आपले मूठ पिळून बसलोय. माझी शाळा यवतेश्वर घाटाच्या वर आहे, रोज साताऱ्यातून घाट चढायचा आणि उतरायचा, त्यामुळे हे दुखणं मला दिवसातनं पंधरा-वीस वेळा भेटायचं, वळणावर तर हमखास, कारण वळणात आपण मूठ सोडतो आणि बाहेर पडताना परत देतो, नेमकं तिथंच गाडी गप्प. मागे दप्तर आणि वह्यांचा गठ्ठा, समोरून कासला जाणारी टुरिस्टची गाडी, आणि खाली दरी. भीती वाटायची हो, खरंच.

गाडी २०१२ ची, ११० सीसी ॲक्टिव्हा, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा तो जुना भाग असलेली. (१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला आणि नव्या स्कूटरना फ्युएल इंजेक्शन आलं, पण त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या गाड्या अजून गल्लोगल्ली पळतायत, म्हणून हे सविस्तर लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.)

आधी एका गॅरेजमध्ये दिली. त्यांनी दोन मिनिटांत आयडलचा स्क्रू फिरवून स्लो, म्हणजे मूठ न पिळता इंजिन चालतं तो वेग, वाढवला आणि म्हणाले झालं. बंद पडायची थांबली पण हुंदका तसाच, वर आणखी एक, की स्टँडवर लावून चालू ठेवली तर मागचं चाक आपोआप फिरायचं. स्कूटरला क्लच आपोआप लागतो ना, त्यामुळे आयडल जास्त ठेवलं की उभ्या गाडीलाही पुढे ओढ राहते, ते धोक्याचं आहे. मग दुसऱ्या गॅरेजमध्ये. तिथं कार्बोरेटर खोलला, स्प्रे मारून साफ केला, मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी नळी, मोठा टाकला, "ताई आता बघा पिकअप". पिकअप तर आला नाहीच, ॲव्हरेज ४५ वरून ३४ वर आलं, प्लग काजळीने काळाकुट्ट, आणि आता नवीनच तक्रार सुरू झाली, घाटात अर्ध्या मुठीच्या पुढे कितीही पिळलं तरी गाडी दम लागल्यासारखी तेवढीच. आधी एक दुखणं होतं, आता दोन झाली, आणि दोन्ही एकमेकांत मिसळली.

आमच्या वाड्यात बापू राहतात. आयुष्यभर स्कूटरचं काम केलं, आता हात थरथरतो म्हणून पाना धरत नाहीत, पण गाडी गल्लीत शिरली की आवाजावरून सांगतात कुणाची आणि काय होतंय. त्यांना म्हटलं बापू, कार्बोरेटर ट्यून करायचाय, शिकवा. तर म्हणाले, "बाई, ट्यून करायचं मागनं. आधी कुठं अडतंय ते तर सांगा."

मी म्हटलं रेस दिल्यावर.

"रेस किती दिल्यावर? पाव? आर्धी? पुरी? कार्बोरेटरात तीन घरं हायती, तुमचं दुखणं कुठल्या घरात ऱ्हातंय ते बघा."

सगळ्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट हीच, आणि ती मला दोन गॅरेजमध्ये कुणी विचारली नव्हती. घरी येऊन मी मुठीवर लाल नेलपॉलिशने खुणा केल्या. शेजारच्या स्विचच्या डब्यावर एक रेघ, आणि फिरणाऱ्या मुठीवर चार रेघा: बंद, पाव, अर्धी, पाऊण. शेवटची म्हणजे पूर्ण, ती हाताला कळतेच. मग चार दिवस शाळेत जाता-येता फक्त बघत राहिले की गाडी कधी अडते तेव्हा कुठली रेघ समोर आहे, आणि वर्गात गेल्या गेल्या वहीत लिहून ठेवायचे. चौथ्या दिवशी चित्र स्पष्ट होतं. हुंदका येतो तो बंदपासून पावच्या आत, आणि दम लागतो तो अर्ध्याच्या पुढे. पाव ते अर्धा या पट्ट्यात गाडी बरी चालते. म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हीला एकच औषध चालणार नाही.

ही तीन घरं म्हणजे काय, तर साधारण असं. आयडल आणि मूठ उघडायची सुरुवात हे स्लो जेट म्हणजे पायलट जेटचं काम, त्याच्यासोबत मिक्स्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा स्क्रू. मधला सगळा पट्टा निडलचा, म्हणजे स्लाइडला (कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात सरकणारा तुकडा) लटकलेली निमुळती सुई जेवढी वर उचलली जाते तेवढं पेट्रोल जास्त. आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. हद्दी अगदी रेघ मारल्यासारख्या नसतात, एकमेकांत मिसळतात, पण शोधायला एवढं पुरतं. आता बघा, माझा हुंदका पावच्या आत होता आणि त्यावर उपाय म्हणून मोठा केला मेन जेट! पाय दुखतोय आणि खांद्याला बाम लावला.

ॲक्टिव्हासारख्या गाडीत आणखी एक भानगड असते. जुन्या चेतकला मूठ पिळली की केबल थेट स्लाइड ओढायची. ह्या कार्बोरेटरला सीव्ही म्हणतात, ह्यात केबल फक्त एक गोल पाकळी फिरवते, बटरफ्लाय, आणि स्लाइड आपोआप वर जाते, व्हॅक्यूमने. स्लाइडच्या डोक्यावर पातळ रबराचा पडदा असतो, डायफ्राम. पाकळी उघडली की इंजिन जास्त हवा ओढतं, त्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, स्लाइडच्या बुडाला एक बारीक भोक असतं त्यातून तो कमी दाब पडद्याच्या वरच्या खोलीत पोचतो, पडद्याच्या खालच्या खोलीत बाहेरची साधी हवा, मग ती खालची हवा पडदा वर ढकलते आणि वरची स्प्रिंग त्याला अडवत राहते. म्हणजे तुम्ही मूठ कितीही पिळा, स्लाइड किती उचलायची ते इंजिनची ओढ ठरवणार. मला ही रचना कळली तेव्हा फार आवडली, सातवीच्या मुलांना हवेचा दाब शिकवताना आता मी हेच उदाहरण देते.

बापूंची दुसरी ताकीद होती की कार्बोरेटरला हात लावायच्या आधी बाकीचं तपासून घे. "हवा कुठनं घुसतीय का बघा, मग पाना उचला." तर पहिला रविवार नुसता त्यातच गेला. एअर फिल्टर काढला, कागदी, तेल लावलेला असतो तो, त्याला धुवायचं नाही आणि हवाही मारायची नाही, मळला की बदलायचा, माझा तर विटकरी रंगाचा झाला होता, तो बदलला. मुठीचा सैलपणा बघितला, दोन ते सहा मिलिमीटर ढिली फिरायला पाहिजे, माझी त्याहून जास्त फिरत होती, केबलचा ॲडजस्टर फिरवून नीट केली, नुसत्या तेवढ्यानेच मूठ आणि गाडी यांच्यातला थोडा उशीर गेला. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघायला मात्र एका ओळखीच्या मुलाला बोलावलं, माझ्याकडे ती बारीक फट मोजायच्या पट्ट्या, फिलर गेज, नव्हता. मागच्या चाकाला ताकद पोचवणारा बेल्ट आणि त्याचे रोलर बघितले, कारण रोलर झिजून चपटे झाले तरी गाडी सुस्त निघते आणि सगळे शिव्या कार्बोरेटरला देतात.

मग मॅनिफोल्ड. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधला तो जोड आणि त्याची ओ-रिंग. गाडी आयडलला चालू ठेवून जोडाच्या भोवती बारीक फवाऱ्याने पाणी मारायचं, इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची बाटली असते ना, तीच वापरली. एका बाजूला पाणी लागलं आणि इंजिनचा आवाज बदलला, पाणी सुकलं की परत पहिल्यासारखा. म्हणजे तिथून हवा आत ओढली जात होती. ओ-रिंग काढून बघितली तर कडक होऊन चपटी झालेली, नखाने दाबली तर खूण उठेना. नवी टाकली, दोन्ही बोल्ट सारखे आवळले. हुंदका साधारण निम्मा झाला. फक्त एका रबराच्या कड्याने!

दुसऱ्या रविवारी कार्बोरेटर खाली उतरवला. सीटखालची डिकी बोल्ट काढून उचलली, आधी मोबाइलवर सगळ्या पाइपांचे फोटो काढले, कुठला कुठं ते नंतर आठवत नाही. काम अंगणात केलं, देवघरातला दिवा लागायच्या कितीतरी आधी, पेट्रोलचं काम आहे, कुणी घरात बंद खोलीत करू नका. खाली पांढरा सुती पंचा अंथरला, रंगीत नाही पांढराच, कारण त्यावर पितळेचा बारीक जेट आणि स्प्रिंग पटकन दिसते.

मिक्स्चरचा स्क्रू काढण्याआधी तो आत फिरवत न्यायचा आणि किती फेरे बसतात ते मोजायचं, टेकला की थांबायचं, आवळायचा नाही, त्याचं टोक सुईसारखं असतं, जोर दिला तर टोक पण खराब आणि आतलं भोक पण. माझा एक फेरा आणि वर थोडासा होता. वहीत लिहिलं. मग काढला तर त्यामागे स्प्रिंग, मग एवढासा वायसर, मग ओ-रिंग, ह्याच क्रमाने परत जातात. ओ-रिंग बऱ्याचदा आतच चिकटून राहते, ती विसरली तर तिथूनही हवा घुसते.

बाउल, म्हणजे खालची पेट्रोल साठायची वाटी, उघडला. तळाला तपकिरी चिकट थर, गुळाच्या पाकाचा शेवटचा घोट भांड्याला चिकटतो तसा. स्लो जेट उजेडाकडे धरला तर त्यातून उजेडच येईना. ते भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, त्यात जरा साय धरली की संपलं. टाचणी, सेफ्टी पिन काही घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग तो जेट कायमचा बिघडतो. मी विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार, केसासारखी, ती वापरली, मग कार्ब क्लीनर, मग पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारली. परत उजेडाकडे धरला, आणि त्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आंब्याच्या झाडामागचं आभाळ दिसलं, गोल, स्वच्छ. मला इतका आनंद झाला की आईला बोलावून दाखवलं.

आणि मग डायफ्राम. वरचं झाकण काढलं, स्प्रिंग बाजूला ठेवली, स्लाइड दोन बोटांत धरून पडदा उजेडासमोर ताणला. बघता बघता एका घडीत, जिथं रबर दुमडतं तिथं, एक पांढरा ठिपका चमकला. पहिल्यांदा वाटलं धूळ आहे. फुंकर मारली, गेली नाही. बोटाने जरा ताणलं तर ठिपक्याची रेघ झाली, नखाएवढी. पडद्याची कडही फुगून लांबलेली, खाचेत बसवली तर एका ठिकाणी बाहेर फुगवटा यायचा. म्हणजे दम लागायचं कारण हे होतं. वरच्या खोलीतला व्हॅक्यूम ह्या फटीतून निसटत होता आणि स्लाइड अर्ध्यात अडकत होती, मी मूठ पिळतेय पण स्लाइड वर येतच नाहीये, तर मेन जेट कितीही मोठा टाकला तरी काय होणार, नुसतं पेट्रोल जळणार आणि काजळी.

बापूंना दाखवलं तर त्यांनी हातात घेऊन वास घेतला. म्हणाले, "स्प्रे मारलाय ह्याच्यावर. रबर काढल्याशिवाय मारत्यात, आन मग ते फुगतंय." दुसऱ्या गॅरेजनंतरच ही तक्रार सुरू झाली होती, ते जुळलं. म्हणून कळकळीने सांगते, कुणी कार्बोरेटर साफ करून देत असेल तर त्यांना एवढं विचारा की डायफ्राम आणि ओ-रिंग आधी बाहेर काढणार ना. कार्ब क्लीनर पितळ आणि ॲल्युमिनियमसाठी आहे, रबर नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं.

नवा डायफ्राम स्लाइडसकट मिळाला. बसवताना त्याच्या कडेला एक छोटी जीभ असते ती बॉडीतल्या खाचेवरच आली पाहिजे, आणि गळ्यातून बोट घालून स्लाइड अर्धी वर धरून ठेवायची म्हणजे पडद्याची कड खाचेत सपाट बसते, मग स्प्रिंग सरळ ठेवून झाकण. बसवल्यावर तपासायचं, बोटाने स्लाइड वर उचलून सोडली की ती धपकन न पडता सावकाश, हवा सोडत खाली आली पाहिजे. माझी आली. मेन जेटही परत कंपनीच्याच नंबरचा टाकला.

तिसरा रविवार खऱ्या ट्यूनिंगचा, आणि गंमत अशी की तोपर्यंत काम फार थोडं उरलं होतं. अर्ध्याच्या पुढची ओढ परत आली होती. उरला होता तो अगदी सुरुवातीचा, मूठ उघडताक्षणीचा बारीक हुंदका, पूर्वीच्या पाव हिश्श्याएवढा. आणि मूठ सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता वरच रेंगाळायचा, मग हळूच उतरायचा. हे लीनचं लक्षण, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. उलट असेल, आवाज एकदम खाली बसून बंद पडायला होत असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर रिच.

आता सगळं साफ, हवेची गळती नाही, तरी लीन का? मला वाटतं ह्यात पेट्रोलचा मोठा वाटा आहे. २०२३ पासून ई२० यायला लागलं आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. त्यात २० टक्के इथेनॉल. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, तर ई२० ला साधारण साडेतेरा. इंजेक्शनवाल्या गाडीला सेन्सर असतो, ती स्वतःहून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरला काय कळतंय, त्याची भोकं २०१२ च्या पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेली, तो तेवढंच देणार, म्हणजे गाडी सात-आठ टक्के लीन आपोआपच झाली. आपल्याच भागातल्या उसापासूनही हे इथेनॉल होतं, शेतकऱ्याला पैसे मिळतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण जुन्या गाडीवाल्याने स्क्रू फिरवून घ्यायला पाहिजे हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि इथेनॉल पाणी ओढतं, साताऱ्याच्या पावसात गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर बाउलचा ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल काढून टाका.

मिक्स्चर असं लावलं. आधी गाडी पंधरा मिनिटं चालवून चांगली गरम केली, गार इंजिनवर लावलेलं सगळं चुकतं. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे मोजणारा, भाच्याकडून आणला, ॲक्टिव्हाचं आयडल साधारण १,७०० असतं. माझ्या कार्बोरेटरला हा स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे, म्हणून बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उलटं, तो हवेचा असतो, बाहेर काढला की हवा वाढते, त्यामुळे तुमचा कुठला ते आधी बघा. मग पाव पाव फेरा फिरवायचा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबायचं, इंजिनला उत्तर द्यायला वेळ द्यायचा. आत नेला तर आवाज फाटायला लागला. बाहेर काढत गेले तर आरपीएम चढत गेले, एका जागी सगळ्यात वर पोचले, आणि आणखी बाहेर काढल्यावर जड होऊन उतरायला लागले. सगळ्यात वरच्या जागेवर आणून ठेवला आणि तिथून अगदी आठवा हिस्सा आणखी बाहेर, कारण मूठ झटकन उघडली की क्षणभर हवा पुढे धावते आणि पेट्रोल मागे राहतं, तेवढी शिदोरी आधीच सोबत असलेली बरी. मग आयडलचा स्क्रू फिरवून परत १,७००. वहीत लिहिलं: पावणेदोन फेरे. हा आकडा माझ्या गाडीचा, तुमचा वेगळा येईल.

मूठ झटक्यात पिळली. लगेच उत्तर. सोडली, आवाज लगेच खाली. परत पिळली, परत तसंच. बापू ओट्यावर बसले होते, त्यांनी नुसती मान हलवली.

लगेच घाटात नेली. एका वेळी एकच बदल आणि मग घाट, हा नियम मी जमेल तिथं पाळला, दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळतच नाही. पहिल्या मोठ्या वळणावर मूठ सोडली, वळण घेतलं, परत दिली, आणि गाडी हाताबरोबर उठली. मधे काहीच नाही, रिकामी जागाच नाही. मी पुढे जाऊन गाडी कडेला लावली आणि जरा वेळ नुसती उभी राहिले.

आठ दिवसांनी प्लग काढून बघितला, टोकाजवळचं चिनीमातीचं बूड चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं. पांढरंफटक असतं तर लीन, काळं असतं तर रिच. ॲव्हरेज ४३-४४ येतंय, पूर्वीचं ४५ येत नाही, ते ई२० वर अपेक्षित आहे, इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकदच कमी.

एक गोष्ट अजून आहे. वर कास पठाराच्या बाजूला गेलं, म्हणजे साधारण १,२०० मीटरवर, की सकाळच्या गारव्यात आयडल थोडं जड वाटतं. उंचीवर हवा विरळ होते म्हणून तिथं तीच गाडी किंचित रिच पडते, सातारा शहर त्याच्यापेक्षा चारशे-पाचशे मीटर खाली आहे. स्क्रू थोडा आत घेतला तर वर छान चालेल, पण खाली चौकात परत हुंदका. दोन दिवस दोन्ही करून बघितलं आणि खालच्यासाठी लावलेलंच ठेवलं, वर दहा मिनिटं जड चालली तर चालेल, चौकात आणि घाटाच्या वळणावर मात्र मूठ पिळली की गाडी तिथल्या तिथं उठली पाहिजे.